कडा मऊ करू नकोस

उमरी, जि. नांदेड
२१ जून २००४

चि. सोमेश यास उमाक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोन दुकानात आहे आन् फोनच्या शेजारी तुझे दाजी बसलेले असतात. मला जे सांगायचं ते त्यांच्यासमोर सांगता येत न्हाई.

परवा शिवानीच्या मेडिकलच्या कागदांसाठी आम्ही दोघी नांदेडला गेलो होतो. वजिराबादच्या चौकात रिक्षातून उतरले, वर बघितलं, तर माझीच पोरगी. वीस फुटांचा फ्लेक्स. 'सीईटीत मराठवाड्यात मुलींमध्ये दुसरी, कु. शिवानी, आमची विद्यार्थिनी. यशोमेरू क्लासेस, लातूर.' अंगात त्या क्लासचा निळा कोट आन् खांद्यावर गुरुलिंग सरांचा हात. तो कोट फक्त स्पेशल बॅचच्या पोरांना देतात. शिवानीने तो कधी अंगात घातला न्हाई.

सोमेश, त्या माणसाने डिसेंबरात माझ्या लेकीला क्लासमधून काढून दिलं. का, ते आत्ता लिहीत न्हाई. जानेवारीपासून मेपर्यंत ती आमच्या विनीताबाईंच्या घरी जाऊन शिकली. बाई रिटायर होऊन सहा वर्षं झाली, गुडघे धरलेले, तरी रोज चार तास घेऊन बसायच्या. बाईंचं नाव कुठं न्हाई, आन् हा माणूस हात ठेवून उभा.

आणखी एक. तिच्या डाव्या भुवईच्या वर सहा टाक्यांची खूण आहे. फ्लेक्सवर ती न्हाईच. कपाळ कसं, इस्त्री केल्यासारखं.

मी चौकातच ओरडणार होते. शिवानीने माझा हात धरला. म्हणाली, "अव्वा, चल, कागदांची खिडकी बंद होईल." तेवढंच. त्यावर अजून एक शब्द बोलली न्हाई.

तू त्याच धंद्यात आहेस. लातूरला हे कुणी बनवलं ते काढ. सरांचं मी बघते. पण ज्याने बसल्या जागी माझ्या लेकीचं मुंडकं कापून दुसऱ्या कुणाच्या तरी धडावर बसवलं, त्याचं नाव मला पाहिजे. मी त्याच्या दुकानात येऊन चार माणसांत विचारणार आहे.

लवकर लिही.
तुझी, उमाक्का

*

लातूर
२९ जून २००४

ति. उमाक्कास सोमेशचे शरणार्थ.

पत्र मिळालं. शिवानीच्या निकालाचं मी इथे सगळ्यांना पेढे वाटून सांगितलं होतं, आणि आता हे वाचून काय लिहावं कळत नाही.

नाव काढणं अवघड आहे. लातूरला आता गल्लीगल्लीत फ्लेक्सची दुकानं झालीत. ज्याच्याकडे कॉम्प्युटर तो डिझायनर. जून महिन्यात निकाल लागला की क्लासवाल्यांची रांग लागते. आज फोटो दिला की उद्या सकाळी चौकात लागला पाहिजे. कोण कुणाचा फोटो लावतोय हे विचारायला वेळ नसतो.

काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल. फोटोतल्या चेहऱ्याभोवती माउसने रेघ ओढायची. त्याला सिलेक्शन म्हणतात. तसाच उचलून दुसरीकडे ठेवला तर कड दिसते, कात्रीने कापल्यासारखी. म्हणून कड मऊ करायची. त्याला फेदर म्हणतात. आकडा टाकायचा, दोन किंवा तीन, की कडेचे ठिपके हळूहळू विरत जातात आणि नवीन जागेत मिसळतात. केसांजवळ थोडं जास्त, हनुवटीखाली कमी. चांगला हात असेल तर सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही.

तुला मात्र लगेच आलं.

खुणेबद्दल एवढंच म्हणतो, की ज्याने कुणी ती पुसली त्याने वाईट मनाने पुसली नसेल. पोरीचा फोटो आहे, चांगला दिसावा, एवढंच असेल त्याच्या डोक्यात.

पण अक्का, सरांनी काढून दिलं हे मला पहिल्यांदाच कळतंय. तू तर टायफॉइड झाला म्हणून घरी आणलं म्हणाली होतीस. आणि खूण मोरीत पाय घसरून पडल्याची. खरं काय आहे?

दाजींना नमस्कार. शिवानीला आशीर्वाद.
सोमेश

*

उमरी
६ जुलै २००४

चि. सोमेश यास आशीर्वाद.

टायफॉइड खोटा. मोरी पण खोटी. आता लिहिते, वाचून फाडून टाक.

शिवानीला फिट येतात. आठवीत असताना पहिली आली. हैदराबादचं औषध चालू आहे, दोन-दोन वर्षं काही होत न्हाई. मी कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या आईला सांगितलं असतं, पण मावशी तोवर राहिली न्हाई. माझ्या सासूलासुद्धा माहीत न्हाई. आपल्यात पोरीला असलं काही आहे म्हटलं की सोयरीक संपली, तुला काय सांगावं. उदगीरच्या पाहुण्यांनी दोनदा विचारलंय तिला.

डिसेंबरात तिला क्लासमध्ये आली. सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी, बाकावरून खाली पडली. त्या गुरुलिंग सराने काय केलं माहीत आहे? डॉक्टर न्हाई, पाणी न्हाई. शिपायाला म्हणाला, "चप्पल काढ आन् हुंगव." नव्वदाच्यावर पोरं बघून राहिली होती. ती शुद्धीवर आली तेव्हा नाकाशी चप्पल. एक तासाच्या आत वह्या भरून दिल्या आन् एकटीला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं. सोबत कुणी न्हाई, आम्हाला फोन न्हाई. जाताना म्हणाला, "पालक घाबरतात. असल्या पोरी ठेवून क्लासचं नाव खराब करू काय?"

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, ही खाली उतरली आन् दुसरी फिट आली. फरशीच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. चहाची गाडी लावणारी नागम्मा नावाची बाई, तिने डोकं मांडीवर घेतलं, लुगड्याचा पदर दाबून धरला, दवाखान्यात नेलं आन् पर्समधल्या कागदावरचा नंबर बघून दुकानात फोन केला. ती नसती तर आज फ्लेक्सवर लावायला पोरगीच नसती.

आता तू म्हणतोस वाईट मनाने पुसली नसेल. त्या माणसाने माझ्या लेकीला दिलेली ती खूण आहे, सोमेश. साक्ष आहे ती. ती पुसली म्हणजे त्याचं कर्म पुसलं.

मी ठरवलंय. तू सांगितलेली विद्या मला नीट कळली. तू त्याचा फोटो घे, कुठल्यातरी बाईच्या गळ्यात हात टाकलेला बनव. खालच्या वळणाची बाई पाहिजे. कडा अशा मऊ कर की त्याच्या बायकोलासुद्धा खरं वाटावं. त्याची शंभर पत्रकं काढ, मी स्वतः लातूरला येऊन वाटते. पालक घाबरतात ना? घाबरू दे. मला त्याचा क्लास बंद झालेला बघायचा आहे, आन् तो रस्त्याने तोंड लपवून चाललेला बघायचा आहे.

आन् त्या फोटो बनवणाऱ्याचं नाव अजून आलं न्हाई.

उमाक्का

*

लातूर
१५ जुलै २००४

ति. उमाक्कास शरणार्थ.

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. फाडलं नाही.

तो फ्लेक्स मी बनवला.

आता राग आला असेल तर आधी येऊ दे, मग पुढचं वाच.

यशोमेरूचं सगळं काम पाच वर्षांपासून माझ्याकडेच आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गुरुलिंग सर स्वतः आले. पेपरवाल्याने तुमच्या दारात काढलेला शिवानीचा फोटो त्यांच्याकडे होता. म्हणाले, "तुमच्याच पाहुण्यांची मुलगी, सोमेशअप्पा. मध्ये आजारी पडली म्हणून घरी अभ्यास केला, पण पाया आमचा. त्यांच्या घरून होकार आहे." मला टायफॉइडचं माहीत होतं, त्यामुळे सगळं जुळलं. मला अभिमान वाटला. माझी भाची चौकात लागणार म्हणून मी तीन तास घेतले, एरवी अर्धा तासही घेत नाही. खूण पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच पुसली. वाटलं, तू बघशील तेव्हा खूश होशील.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कबूल करायला हवं होतं. घाबरलो. दुसऱ्यावर ढकलता येईल का बघितलं. त्याची लाज वाटते.

पण तू म्हणतेस ते मी करणार नाही. सरांच्या गळ्यात बाई घालणार नाही.

का ते सांगतो. त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली तेव्हा मी इथे मडिवाळप्पा मामांच्या स्टुडिओत फोटो धुण्याचं काम करत होतो. त्यानंतर दोन महिने दुकानासमोर माणसं बसलेली असायची. कुणाच्या हातात लग्नातला फोटो, कुणाच्या हातात शाळेतला. गर्दीतल्या एका माणसावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, एवढं वेगळं करून द्या. मी ब्लेडने कापायचो. कड जाड दिसायची, कागदाची पांढरी रेघ राहायची. एका म्हाताऱ्याने नातवाचा फोटो परत दिला. म्हणाला, "हे तर कापलेलं दिसतंय. तो असा एकटा बसलेला पाहिजे, जसं काही फोटो काढायलाच बसलाय." आईचा फोटो तुझ्या लग्नातला आहे, तुझ्या बाजूला उभी होती. तो कापताना तुझा खांदा गेला. पुढे कॉम्प्युटर आला, फेदर शिकलो, तेव्हा तेच फोटो मी पुन्हा फुकट करून दिले. गेलेल्या माणसाला नीट बसवून द्यायला मी हे शिकलो. ज्या बाईचा फोटो मी सरांना चिकटवीन ती कुणाची तरी मुलगी असेल, आणि तिला कुणी विचारलेलं नसेल. तुझ्या शिवानीला विचारलं नव्हतं, तसंच.

मात्र रागाच्या भरात काल मी सरांच्या सगळ्या जुन्या फाइली उघडल्या. पाच वर्षांत जे टॉपर लावले त्यातल्या सात मुलींना एकच धड आहे. एकोणीसशे नव्याण्णव साली एका मुलीचा कोटातला उभा फोटो काढला होता, खांद्यावर सरांचा हात. तेच मी दरवर्षी वापरत आलो. कधी उलटं करून, कधी कोटाचा रंग थोडा बदलून, कधी छातीपर्यंतच कापून. "मागच्यासारखंच करा," सर म्हणायचे आणि मी करायचो. एकेक करताना काही वाटलं नाही. काल सात एका ओळीत बघितल्या आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

यांचं काय करायचं ते तू सांग. पण खरं असेल तेवढंच करीन.

सोमेश

*

उमरी
२४ जुलै २००४

सोमेश,

आशीर्वाद लिहायला हात होत न्हाई.

माझ्या मावशीच्या पोटचा तू. तिला कापताना रडला असशील, माझ्या लेकीला कापताना पेढे वाटलेस. या वर्षी राखी येणार न्हाई, वाट बघू नको.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी चार वेळा वाचली. सात मुंडकी, एक धड.

तू म्हणतोस खरं असेल तेवढंच करीन. कर मग. त्याच्या गुणगौरव सोहळ्याचं कार्ड इथं आलंय, ८ ऑगस्टचं. बेशरम माणसाने शिवानीला सत्काराला बोलावलंय. स्टेजच्या मागचा मोठा फ्लेक्स तूच करणार असशील. सातही जणी एका ओळीत लाव, पायापासून डोक्यापर्यंत. कुणाचा रंग बदलू नको, कुणाला उलटं करू नको. शिवानीची खूण जागेवर ठेव. आन् कडा मऊ करू नकोस. कापलेलं आहे, कापलेलं दिसू दे.

हे केलंस तर तुझं माझं बोलणं राहील. न्हाई तर मला भाऊ नव्हता असं समजेन.

उमा

*

लातूर
५ ऑगस्ट २००४

ति. उमाक्कास शरणार्थ.

फाइल तयार आहे.

मी त्यात एकही खोटी गोष्ट घातली नाही. लपवलं होतं तेवढं काढून घेतलं. सातही जणींचे चेहरे मूळ फोटोत होते तसे त्याच धडावर लावले. फेदरचा आकडा शून्य केला. आता प्रत्येकीच्या गळ्याभोवती रेघ आहे, एकीच्या कानामागे तिच्या घरातल्या पडद्याचा तुकडासुद्धा राहिलाय. सातही कोटांच्या खिशावर शाईचा तोच डाग. सरांचा तोच हात आणि हातातल्या घड्याळात सातही ठिकाणी दहा वाजून वीस मिनिटं. तीस फूट बाय दहा. हॉलच्या शेवटच्या खुर्चीवरूनही दिसेल. बाकीचे चार टॉपर मुलगे आहेत, ते खरे आहेत, त्यांना मी वरच्या ओळीत नीट लावलं.

सर आले होते. "मागच्यासारखंच ना?" म्हणाले. मी म्हटलं, "अगदी मूळ आहे तसंच." त्यांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही, फोनवर बोलत होते. सोहळा अकराला आहे. मी फ्लेक्स साडेदहाला पाठवणार आहे, गुंडाळून. मांडवाची माणसं ताणून बांधतील, तोवर पाहुणे आलेले असतील.

त्यानंतर माझं लातूरात काय होईल मला माहीत नाही. मुलांना बायकोबरोबर निलंग्याला पाठवलंय. मी दुकानातच बसणार आहे. पळून गेलो असं कुणी म्हणायला नको.

तुला एकच विनंती, तू येऊ नकोस. आणि शिवानीला तर आणूच नकोस. लोक तिच्याकडे बोट दाखवतील.

सोमेश

*

उमरी
१२ ऑगस्ट २००४

चि. सोमेश यास अनेक आशीर्वाद.

मी आले होते. तुला न सांगता आले, न सांगता गेले. दुकानावरून गेलो तेव्हा तू काउंटरमागे बसलेला दिसलास, पण मी थांबले न्हाई. आधी तिथं जायचं होतं.

तू तर तिथं नव्हतास, म्हणून सगळं सांगते. हॉल भरलेला. मी आन् शिवानी चौथ्या रांगेत. स्टेजवर तीन पाहुणे, मध्ये तो, फेटा बांधून. मागं चार माणसं फ्लेक्सच्या दोऱ्या ओढून राहिली होती. एक बाजू वर गेली, मग दुसरी. आधी कुणाला काही कळलं न्हाई. मग माझ्या मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, "अरे, सगळ्यांचं घड्याळ बघ." तो हसला. त्याच्या शेजारचा हसला. मग ते हसू असं पसरत पुढं आलं की भाषण करणारा पाहुणा थांबून मागं वळला. मग गुरुलिंग सर वळला. सोमेश, त्याची मान वळताना मी बघितली. आठ महिने मी त्याच एका गोष्टीची वाट बघत होते.

माइकवर म्हणाला, "प्रिंटरची चूक आहे, उतरवा ते." तर एक गृहस्थ उभे राहिले, मुरुडचे, म्हणाले, "दोन हजार दोन सालची ती तिसरी माझी सिंधु आहे. ती तुमच्या क्लासला एक दिवस आली न्हाई. तुम्ही मला सांगितलं होतं फक्त पेपरात नाव देतो." मग दुसरे उठले. मग बायका. "आमची पोरं कुणाच्या नावावर भरती केली मग?" असा गलका झाला.

तेव्हा मी उठले. शिवानीचा हात धरला आन् तिला स्टेजवर नेलं. माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा घेतला. म्हणाले, "ही शेवटची ती. हिला फिट येतात. ह्या माणसाने हिला चप्पल हुंगवली आन् एकटीला गाडीत बसवलं. ही बघा त्याने दिलेली खूण." आन् माझ्या हाताने मी तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले. कॅमेरे चमकले. गुरुलिंग सर फेटा काढून मागच्या दाराने गेला. माझ्या डोळ्यांनी बघितलं, तोंड लपवूनच गेला.

जे लपवायला मी चार वर्षं मरत होते, ते मीच सांगून टाकलं. उदगीरच्या पाहुण्यांचा परवा निरोप आला, की आता राहू द्या. राहू द्या तर राहू द्या. मला काही वाटलं न्हाई. मी जिंकले.

तुझं काम तू केलंस. राखी सोबत आहे, पुनवेला बांधून घे.

तुझी, उमाक्का

*

लातूर
२३ ऑगस्ट २००४

ति. उमाक्कास शरणार्थ.

राखी मिळाली.

इथलं सांगतो. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाची काच फुटली. कुणी फोडली ते मी विचारलं नाही. बाकीच्या क्लासवाल्यांनी माझ्याकडचं काम बंद केलं. उद्या आपलंही उघडं करेल म्हणून. पण शहरातले यशोमेरूचे सगळे फ्लेक्स रातोरात उतरलेत आणि त्यांच्या इमारतीपुढे पालक दाखला मागायला उभे असतात. दोन बॅचेस बंद झाल्या. सर पुण्याला गेलेत म्हणतात.

परवा एक बाई आली, बावीस-तेवीसची असेल, कडेवर मूल. काउंटरवर वर्तमानपत्रातला आपल्या फ्लेक्सचा फोटो ठेवला आणि म्हणाली, "ह्यातली आठवी कुठंय?" मला कळलं नाही. म्हणाली, "हा कोट माझा आहे. खिशावरचा डाग माझ्या पेनाचा आहे. मी श्रद्धा. पहिल्या वर्षी नापास झाले म्हणून सरांनी माझा फोटो लावला नाही. पाच वर्षं चौकात मीच उभी होते आणि मला माहीतच नव्हतं. माझं डोकं कुठं टाकलंत?"

अक्का, जुन्या सीडी शोधायला दीड तास लागला. ती मुलाला खेळवत बसून राहिली. मूळ फोटो सापडला, मोठा करून दिला. तिने खूप वेळ बघितला. "हसत होते की मी," म्हणाली आणि निघून गेली. तिच्यावर सूड घ्यायचा आपण कुणीच विचार केला नव्हता, तरी तिचं डोकं सगळ्यात आधी मीच कापलं होतं.

एक विचारायचं आहे. तुझ्या पत्रात हॉल आहे, सर आहे, मुरुडचे गृहस्थ आहेत. शिवानी काय म्हणाली ते कुठेच नाही. ती यायला तयार होती का?

सोमेश

*

मुलींचं वसतिगृह, नांदेड
४ सप्टेंबर २००४

सोमेशमामा यांना शिवानीचा नमस्कार.

तुमचं २३ तारखेचं पत्र अव्वाने मला पाठवून दिलं. सोबत चिठ्ठी होती, "मामाला तूच कळव." शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नसावं. माझ्याकडे आहे.

मी यायला तयार नव्हते. मला टी.सी. आणायला जायचंय असं सांगून नेलं होतं. हॉलच्या दारात कळलं. मी म्हटलं, "अव्वा, मला आत यायचं नाही." ती म्हणाली, "तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

माझी फिट नव्वद मुलांनी बघितली होती तेव्हा मी शुद्धीत नव्हते. ८ ऑगस्टला सातशे लोकांनी माझं कपाळ बघितलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. दोन्हींपैकी दुसरं जास्त वाईट होतं. सरांनी माझा चेहरा घेतला तेव्हा मला विचारलं नाही. तुम्ही खूण पुसलीत तेव्हा विचारलं नाही, परत लावलीत तेव्हाही विचारलं नाही. अव्वाने केस बाजूला केले तेव्हाही नाही. तुम्हा तिघांना माझा चेहरा लागत होता, प्रत्येकाला आपापल्या कामासाठी.

स्टेजवरचा तो फोटो पेपरातून इथे माझ्या आधी पोहोचला. रेक्टरबाईंनी चांगल्या मनाने मला खालचा पलंग दिला आणि खोलीतल्या तिघींना माझ्यासमोरच सांगितलं, "हिच्याकडे लक्ष ठेवा." आजार मला लपवायचा नव्हता, मामा. पण तो कुणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचा, तेवढं तरी माझं होतं.

असं समजू नका की मला राग फक्त तुमचा आहे. सरांना मी अव्वापेक्षा जास्त ओळखते. पुण्याहून ते महिनाभरात परत येतील, दुसरं नाव लावतील. म्हणून त्या दिवशी वर्गात असलेल्या मुलांपैकी ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्या अकरा जणांना मी पत्रं लिहिली. सहा जणांनी जे बघितलं ते लिहून, सही करून पाठवलं. नागम्मामावशींचा अंगठा घ्यायला मी स्वतः अहमदपूरला जाऊन आले. दवाखान्याचा कागद जोडून तक्रार कलेक्टर ऑफिसात दिली, पोच घेतली, एक प्रत पोलिसांना दिली. त्यात फोटो एकही नाही. सरांना परवा समन्स गेलंय. ते काम मी शेवटपर्यंत सोडणार नाही, दहा वर्षं लागली तरी. डॉक्टर होऊन साक्ष द्यायला उभी राहिले तर आणखी बरं.

अव्वाला कळवलंय की दसऱ्याला मी घरी येणार नाही. विनीताबाईंकडे दोन दिवस राहीन, घरावरूनच जाईन, पण आत जाणार नाही. ती रडेल. मला माहीत आहे. तिला कळेपर्यंत हे असंच राहील.

आता तुमचं. तुम्ही श्रद्धाताईंना त्यांचा फोटो शोधून दिलात, ते वाचून मला बरं वाटलं. पण त्या स्वतः चालत आल्या म्हणून दिलात. माझ्याकडे तुम्ही अजून आला नाहीत. तुमची कबुली अव्वाला गेली, तुमची भीती अव्वाला कळवली गेली, राखीसुद्धा अव्वाचीच. ज्या पोरीचं हे सगळं आहे तिच्या नावाने तुमच्याकडून एक ओळ आली नाही.

म्हणून पत्र पाठवू नका, मी उघडणार नाही. स्वतः या. रविवारी चार ते सहा भेटायची वेळ असते. माझे जेवढे फोटो, जेवढ्या फाइली तुमच्याकडे आहेत तेवढ्या सीडीवर घालून आणा आणि तुमच्या कॉम्प्युटरमधून काढून टाका. खाली दारात पाहुण्यांची वही आहे. त्यात नाव, नातं आणि भेटीचं कारण लिहावं लागतं. शिपाईबाई ती वही वर आणून मला दाखवते, मग मी खाली येते.

कारणाच्या रकान्यात 'माफी मागायला' असं स्पष्ट लिहा. दुसरं काही लिहिलेलं असेल तर मी खाली येणार नाही.

शिवानी